बारा मुलांचा नियम

परकार सर, तुम्ही गेल्याला आज चाळीस दिवस झाले. हमीदाभाभींचा सकाळीच फोन आला, आज घरी तुमच्या नावाने कुराणखानी आहे, शाळा सुटली की ये म्हणाल्या. मी जाणार आहे. पण त्याआधी तुमच्याशी बोलायचं आहे. तुमच्याशी बोलायची माझी वेळ अकरा वर्षं ठरलेली होती. सकाळी पावणेसहा ते सात, शारजाहून ऊद मेथाला शाळेत जाताना, तुमच्या गाडीत. ती वेळ आता मी दुसऱ्याच एका कारलिफ्टमध्ये, महिन्याच्या पैशांवर चालणाऱ्या गाडीत, गाणी ऐकत काढते. ड्रायव्हर भला माणूस आहे, पण वाद घालत नाही.

तुम्ही दाभोळच्या खाडीकाठचे, दुबईत कधी आलात, किती बॅचना सामाजिक शास्त्रं शिकवलीत, हे सगळं शाळेच्या मासिकात छापून येईल. तो मजकूर मीच लिहून दिला आहे आणि त्यात एकही चूक नाही. इथे लिहिते आहे ते मासिकात देण्यासारखं नाही. त्यात माझी चूक आहे, आणि ती लहान नाही.

आपली ओळख भांडणातून झाली. मी पुण्याहून नवऱ्याच्या मागे इकडे आले, इतिहासाची एम.ए. हातात होती, शाळेत लागले आणि तुम्ही माझे हेड झालात. महिनाभरात नववीच्या वह्या तपासून मी तुमच्या टेबलावर ठेवल्या. चौतीस वह्या, एकही बाकी नाही, सगळ्यांना लाल शाईने शेरे. पुस्तकातला उपक्रम होता, जवळच्या ग्रामपंचायतीला भेट द्या, सदस्यांशी बोला आणि अहवाल लिहा. तुम्ही भर स्टाफरूममध्ये वही उघडलीत आणि मुलांचं इंग्रजी जागच्या जागी मराठीत करून वाचायला लागलात.

"'शुक्रवारी आम्ही आमच्या ग्रामपंचायतीत गेलो. सरपंच फार प्रेमळ आहेत. त्यांनी आम्हाला चहा दिला.'" मग दुसरी वही. तिथेही सरपंच प्रेमळ, तिथेही चहा. पाचव्या वहीला तुम्ही चष्मा काढलात. "लेलेबाई, ही ग्रामपंचायत नक्की कुठे आहे? करामाच्या सिग्नलपाशी, की मेट्रोच्या खाली? एकदा सरपंचांना भेटून यावं म्हणतो. सकाळपासून चौतीस पोरांना चहा पाजलाय त्यांनी."

सगळी स्टाफरूम हसली. माझ्या नाकाला मिरची झोंबली. मी म्हटलं, "सर, बोर्डाचा उपक्रम आहे. इथे ग्रामपंचायत नाही हा मुलांचा दोष नाही. सगळ्या गल्फमध्ये मुलं असंच लिहितात."

"म्हणजे सगळ्या गल्फमध्ये आपण नागरिकशास्त्राच्या वहीत पोरांना खोटं लिहायला शिकवतो," तुम्ही शांतपणे म्हणालात. "आणि वर दहापैकी दहा देतो."

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गावर येऊन तुम्ही फळ्यावर एकच प्रश्न लिहिलात. तुमच्या बिल्डिंगमध्ये कोण ठरवतं? पाण्याची टाकी कधी धुवायची, पार्किंग कुणाला द्यायचं, लिफ्ट बंद पडली तर तक्रार कुणाकडे करायची. आठवड्याने वह्या आल्या आणि त्यात खरी माणसं होती. वॉचमन, रिअल इस्टेटच्या ऑफिसातली बाई, म्युनिसिपालिटीचा इन्स्पेक्टर, आणि शारजातल्या एका बिल्डिंगमधली सहा देशांची बिऱ्हाडं, लिफ्टसाठी जिन्यावर जमलेली आणि एकमेकांचं बोलणं अर्धंच समजणारी. एका मुलीने लिहिलं होतं, आमच्या बिल्डिंगमध्ये कोण ठरवतं हे मला माहीत नाही, मी तीन जणांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. तिला तुम्ही पैकीच्या पैकी दिलेत. मला उपक्रम आवडला आणि तुम्ही अजिबात आवडला नाहीत.

पुढे तुमच्या गाडीत जागा झाली म्हणून मी त्यात बसायला लागले. तुम्ही पुढे, शेजारी मी, मागे फिजिक्सच्या शीबा मॅडम, ज्या बसल्याबरोबर झोपायच्या आणि शाळेच्या गेटशी उठायच्या. अकरा वर्षं आपल्या वादांना त्या एकट्याच श्रोत्या होत्या आणि त्यांनी एकही ऐकला नाही. अल नहदाच्या सिग्नलला गाडी मुंगीच्या पावलाने सरकायची. शेजारून मुहैस्नाहच्या कॅम्पांवरून निघालेल्या कामगारांच्या बसेस जायच्या, खिडक्यांना डोकी टेकून झोपलेली माणसं. तुम्ही विचारायचात, "ही माणसं आपल्या पुस्तकात कुठल्या धड्यात आहेत, सांगा बरं." मी म्हणायचे, स्थलांतर, धडा सहा. तुम्ही म्हणायचात, "पान दाखवा." पान दाखवण्यासारखं नसायचं, म्हणून मी सिलॅबसवर घसरायचे.

सिलॅबस हे माझं हुकमी शस्त्र होतं, कारण तो तुमचा कधीच पूर्ण झाला नाही. इथल्या आपल्या मुलांना सामाजिक शास्त्रं दोन. एका तासाला भारताचं पुस्तक, दुसऱ्या तासाला अमिरातीचं. मला तो दुहेरी बोजा वाटायचा. तुम्हाला ती चैन वाटायची. मोत्यांसाठी समुद्रात बुडी मारणाऱ्यांचा धडा आला, की तुम्ही ते मोती मुंबईच्या बाजारापर्यंत नेऊन विकून यायचात. एकेकाळी इथे रुपया चालत होता हे सांगायला लागलात की घंटा झाली तरी थांबायचा नाहीत. तुमचे पणजोबा गलबतावर खलाशी होते, ते कुठल्याही धड्यात कुठल्याही बंदरावर उतरायचे. "पोरांना वाटतं, आपला आणि दुबईचा संबंध बाबांच्या व्हिसापासून सुरू झाला," तुम्ही म्हणायचात. "तेवढं एक डोक्यातून निघालं तरी माझा सिलॅबस पुरा झाला." मग मार्चमध्ये तुमच्या वर्गाचे राहिलेले तीन धडे मी जादा तास घेऊन उरकायचे, आणि तुम्ही माझ्या डब्यातलं थालीपीठ खात "लेलेबाई नसत्या तर माझी नोकरी गेली असती" असं सगळ्यांना सांगत फिरायचात. बदल्यात मला भाभींच्या हातची सांदणं मिळायची. सौदा वाईट नव्हता.

खरा वाद मात्र अकरावीवरून झाला. शाळेत दहावीनंतर दोनच वाटा होत्या, सायन्स आणि कॉमर्स. तुम्ही तिसरी मागितलीत. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र. प्रिन्सिपल मॅडमच्या मागे लागून लागून तुम्ही ती मिळवलीत, आणि पहिल्या वर्षी सात मुलं घेऊन कँटीनशेजारच्या जुन्या लँग्वेज लॅबमध्ये वर्ग सुरू केलात. मी उघड विरोधात होते. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, मी तुम्हाला गाडीत रोज सांगत होते.

"सर, ही मुलं भाड्याच्या घरात राहतात आणि बापाच्या व्हिसावर राहतात. बापाची नोकरी गेली की बिऱ्हाड गुंडाळायचं. त्यांच्या हातात काहीतरी ठोस द्या. इतिहास घेऊन काय मिळतं ते मला विचारा."

"विचारतो. काय मिळालं?"

"काही नाही."

"तुमच्या मिस्टरांची नोकरी गेली होती ना एकदा? सात महिने?"

"हो."

"तेव्हा घर कशावर चाललं?"

"माझ्या पगारावर."

"आणि तुम्ही शाळेत शिकवत काय होता?"

मी रेडिओचा आवाज वाढवला. तुम्ही तो कमी केला नाहीत. उत्तर मिळालेलं माणसाला कळतं, पण मान्य करायला वेळ लागतो. मला वेळ फार लागला.

आता मुख्य गोष्ट. पुढच्या वर्षी मला सीनियर सेक्शनची सुपरवायझर केलं. स्वतंत्र केबिन, तास कमी, कागद जास्त. तुम्ही म्हणालात, "आता उंटावरून शेळ्या हाका. इथे उंटही मिळतील." त्याच मार्चमध्ये प्रिन्सिपल मॅडमनी मला एक टिपण तयार करायला सांगितलं, अकरावीच्या कुठल्या वर्गाला किमान किती मुलं असावीत. मी सायन्सला वीस लिहिलं, कॉमर्सला वीस लिहिलं. तुमच्या वर्गापुढे बारा लिहिलं. बारापेक्षा कमी मुलं असल्यास वर्ग उघडू नये. बारा का? मी कुठला अभ्यास केला नव्हता, दुसऱ्या शाळेला विचारलं नव्हतं. त्या दिवशी तुमच्या यादीत अकरा नावं होती, म्हणून बारा.

हे लिहायला मला पाच वर्षं लागली आहेत, सर. मला तो वर्ग बंद व्हायला हवा होता. त्या मुलांचं भलं होईल असं मला मनापासून वाटत होतं, आणि तुमच्याशी वादात जिंकता येत नव्हतं म्हणून मी कागदावर जिंकायला गेले. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच खरी आहे.

बारावं नाव तुम्ही शेवटच्या आठवड्यात आणलंत. एका मुलाच्या आईशी चार वेळा बोलून, तिच्या नवऱ्याला अजमानला त्याच्या दुकानात जाऊन भेटून. वर्ग उघडला. तेव्हापासून प्रत्येक मार्चमध्ये तुमच्या शर्टाच्या खिशात ती घडी घातलेली यादी असायची आणि तुम्ही आईबापांच्या मागे लागलेले असायचात. कधी तेरा झाले, कधी चौदा, दोनदा बरोब्बर बारा. आणि प्रत्येक मार्चमध्ये एकदा तरी, जॅममध्ये, तुम्ही मला विचारायचात, "बाराच का हो, लेलेबाई? अकरा पोरांना इतिहास कळत नाही का?" मी खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "मॅनेजमेंटचं काहीतरी गणित असेल." तुम्ही म्हणायचात, "असेल, असेल." आणि गाडी पुढे घ्यायचात.

चाळीस दिवसांपूर्वी पावणेसहाला मी आणि शीबा मॅडम खाली उभ्या राहिलो आणि तुम्ही आला नाहीत. तुम्ही कधी पाच मिनिटंही उशीर केला नव्हता. सहाला मी फोन केला, तो तुमच्या मुलाने उचलला. पहाटेची नमाज झाली, चहा मागितला आणि बसल्या जागी गेलात. संध्याकाळी तुमच्या घरी आले तेव्हा दफन होऊन गेलं होतं. घरात कोकणातल्या बायका दाटीने बसल्या होत्या, मला कुणी ओळखत नव्हतं. भाभींनी हात धरून शेजारी बसवलं. म्हणाल्या, "बस गो. तुझा डबा आज कोणी खाल्लान?" माझा डबा पर्समध्येच होता, न उघडलेला. मी रडले नाही. मला रडू लवकर येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

चार दिवसांनी प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं. शनिवारी दहावीच्या पालकांची सभा होती, अकरावीचे विषय समजावून सांगायची. तुमच्या वर्गासाठी दर वर्षी तुम्हीच बोलायचात. "आप बोल दीजिए ना, दो मिनट," त्या म्हणाल्या. "वैसे भी इस साल बारह नहीं होंगे. परकार सर की लिस्ट में सात ही नाम हैं." मी हो म्हटलं. सात हा आकडा ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पाच वर्षांपूर्वी वाटलं असतं.

सभेत सायन्सला पाऊण तास गेला, कॉमर्सला अर्धा, आणि माझी पाळी आली तेव्हा निम्मं सभागृह पार्किंगमध्ये पोचलं होतं. मी नीट तयारी केली होती. कायदा, प्रशासन, पत्रकारिता, शिक्षण, कुठे प्रवेशपरीक्षा, कुठे नाही, सगळं पडद्यावर. तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले. बोलण्यावरून ठाण्याकडचे वाटले.

"मॅडम, ते सगळं ठीक आहे. एकदम प्रॅक्टिकल सांगा, स्कोप काय?"

तुम्ही या प्रश्नाला दर वर्षी तुमच्या पणजोबांचं गलबत आणायचात आणि मी मागच्या रांगेत कपाळाला हात लावायचे. मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्यांच्या शेजारच्या बाईंनी हात वर केला. "मॅडम, तुम्ही स्वतः काय केलंय?"

"इतिहास. एम.ए."

"मग तुम्हाला त्याचा काय फायदा झाला?"

इतक्या लोकांसमोर इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. गाडीत एकदा विचारला होता, तिथे रेडिओ होता. मी म्हटलं, "माझ्या मिस्टरांची इंजिनियरची नोकरी सात महिने गेली होती. त्या सात महिन्यांत आमचं घर इतिहासाने चालवलं. भाडं, मुलाची फी, किराणा, सगळं. मी हे कुणाला सांगत नव्हते, कारण मला वाटायचं की माझी डिग्री कमी प्रतीची आहे. ती तशी नाही. पण ज्याला आवड नाही त्याने घेऊ नये, आणि ज्याला आहे त्याला तुम्ही अडवू नये. यापेक्षा प्रॅक्टिकल मला सांगता येणार नाही."

गृहस्थ बसले. टाळ्याबिळ्या काही झाल्या नाहीत. सोमवारी दोन अर्ज जास्तीचे आले. सातचे नऊ झाले. तुमचा मुद्दा मी तुमचं नाव न घेता वापरला, त्याबद्दल तुमची माफी.

नऊ म्हणजे तीन कमी. नियमाप्रमाणे त्या नवांच्या घरी फोन करून कॉमर्सकडे वळा असं सांगायचं होतं, आणि ते काम सुपरवायझरचं. एप्रिल लागला होता, वर्ग दोन दिवसांवर आले होते. यादी समोर घेऊन मी फोनला हात लावणार, इतक्यात केबिनच्या दारात मुलं दिसली. नऊच्या नऊ. सगळ्यांत पुढे रिदा, बिल्डिंगमध्ये कोण ठरवतं हे माहीत नाही असं लिहिणाऱ्या त्या मुलीची धाकटी बहीण शोभेल अशी, प्रश्न विचारून जीव नकोसा करणारी.

"मॅम, कॅन वी टॉक टू यू?"

"वर्गाबद्दल असेल तर प्रिन्सिपल मॅमना भेटा. ते माझ्या हातात नाही."

रिदाने बाकीच्यांकडे पाहिलं. "बट सर टोल्ड अस टू कम टू यू, मॅम."

"कधी?"

"इन फेब्रुवारी. ही सेड, इफ यू आर लेस दॅन ट्वेल्व्ह, डोन्ट गो टू द ऑफिस. गो टू लेले मॅम. द ट्वेल्व्ह इज हर्स." तिने थोडा विचार केला, काही राहिलं का म्हणून. "अँड ही सेड, शी विल आर्ग्यू, बट शी इज फेअर."

मला आधी राग आला, सर. खरंच आला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना सांगितलंत आणि मला नाही. म्हणजे पाच वर्षं तुम्हाला माहीत होतं. कुणी सांगितलं, कसं कळलं, ते आता कळायचा मार्ग नाही. माझ्या शेजारी बसून, माझं थालीपीठ खाऊन, माझ्या मुलाच्या बारावीच्या निकालाला खजूर वाटून, पाच वर्षं माहीत होतं. मग ते मार्च आठवले, एकेक. बाराच का हो, लेलेबाई? तुम्ही मला चिडवत नव्हता. तुम्ही दर वर्षी मला कबूल करायची संधी देत होता, आणि मी दर वर्षी मॅनेजमेंटवर ढकलत होते, आणि तुम्ही असेल, असेल म्हणत गाडी पुढे घेत होता. एकदा ब्रेक लावून "खोटं बोलताय" म्हणाला असतात तर काय झालं असतं? मी दुसऱ्या दिवशी दुसरी कारलिफ्ट शोधली असती. तेही तुम्हाला माहीत असणार.

नऊ मुलांसमोर मी रडले. त्यांची फार पंचाईत झाली. एकाने टिश्यूचा डबा पुढे केला, तो माझ्याच टेबलावरचा होता. मी त्यांना कँटीनमध्ये जाऊन बसायला सांगितलं आणि प्रिन्सिपल मॅडमकडे गेले.

"मॅडम, वो बारह का नियम मैंने लिखा था."

"हां, मुझे पता है. तो?"

"वो गलत था. उस साल सर के पास ग्यारह थे, इसलिए मैंने बारह लिखा. और कोई वजह नहीं थी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी कामाच्या बायका, अशी बोलणी आमच्यात होत नाहीत. मग म्हणाल्या, "लेले मॅडम, नौ बच्चों के लिए मॅनेजमेंट नया टीचर नहीं देगा. पढ़ाएगा कौन?"

"मैं पढ़ाऊंगी. सुपरवायझरशिप किसी और को दे दीजिए."

"केबिन जाएगा. पीरियड्स डबल हो जाएंगे. सोच लीजिए, घर जाकर."

"खलास, मॅडम. सोच लिया."

त्या हसल्या की नाही, सांगता येत नाही. एवढंच म्हणाल्या, "इस साल चलने देते हैं. अगले साल के लिए नया नोट बनाकर दीजिए. मिनिमम कितना, वो भी लिखिए. मैं ऊपर भेज दूंगी."

तर सर, वर्ग चालू आहे. कँटीनशेजारी, समोशांच्या वासात. राज्यशास्त्र आणि इतिहास माझ्याकडे, भूगोल तुमच्या जुन्या असिस्टंटकडे, समाजशास्त्र आम्ही वाटून घेतलं आहे. एक सांगून ठेवते, सिलॅबस मी पूर्ण करणार, डिसेंबरच्या आत. तुमच्यासारखी बंदरोबंदरी फिरणार नाही. पण काल रिदाने विचारलं, मॅम, लोक गाव सोडतात तेव्हा गावात कोण उरतं, ते पुस्तकात का नाही? माझ्या जिभेवर धडा सहा होता. मी पान काढलं, त्यात नव्हतंच. मग अर्धा तास प्रत्येकाने आपापल्या गावात कोण उरलं आहे ते सांगितलं. केरळचे चौघे, हैदराबादचे तिघे, कराचीकडे अर्धं कुटुंब असलेला एक, आणि आपल्या महाडची एक मुलगी, जिच्या गावच्या घरात फक्त आजी आणि मोबाईलचा चार्जर आहे असं ती म्हणाली. तास बुडाला. आज सकाळी मी तो टिपणवहीत 'स्थलांतर, चर्चा' असा लिहून टाकला. हे काही मी रोज करणार नाही.

तुमचं सगळं मला पटलं आहे असं समजू नका. बापाची नोकरी गेली की मुलांचं काय, या माझ्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही पूर्ण नाही. या वर्गाला भूगोल सक्तीचा नको होता, असं माझं मत कायम आहे. पण तुमचं माझ्याशी वागणं मला कळलं आहे, आणि ते मला जन्मात जमणार नाही. मला कुणी असं फसवलं असतं तर मी त्याला गाडीतून उतरवलं असतं. तुम्ही मला रोज घराशी सोडलंत, दार नीट लागलं का बघितलंत आणि मगच निघालात. मी तुम्हाला "थँक यू सर, उद्या भेटू" यापलीकडे काही म्हटलं नाही.

आज भाभींना सगळं सांगणार आहे. त्या रागावल्या तर रागावोत. कदाचित त्यांनाही माहीत असेल, तुमच्या घराचं काही सांगता येत नाही.

प्रिन्सिपल मॅडमना हवं असलेलं टिपण मी काल रात्रीपर्यंत लिहिलं नव्हतं, आज मधल्या सुट्टीत लिहिलं. सायन्सला वीस, कॉमर्सला वीस, ते तसंच ठेवलं. तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं. नऊ लिहावं, तर पुढच्या वर्षी आठ झाले की कुणीतरी असंच फोनला हात लावून बसेल. पाच लिहावं, तर चार झाले की तेच. शेवटी त्या ओळीत मी आकडाच लिहिला नाही. सामाजिक शास्त्रांचा वर्ग दर वर्षी भरेल, एवढंच लिहिलं. वर मंजूर होईल की नाही, ठाऊक नाही. झालं नाही तर मी भांडेन, आणि भांडायला मला चांगलं येतं. पाच वर्षांपूर्वीच्या त्या टिपणाखाली मी माझं नाव घातलं नव्हतं, सर. या वेळी घातलं आहे, पूर्ण नाव, आणि सही केली आहे.